‘मॉरेटानिया’ नावाचा अर्थ शोधताना या चुका टाळा

मॉरेटानिया म्हणजे ‘काळ्या लोकांचा देश’, असं बेधडक लिहिलेलं जागोजागी सापडतं. मॉरेटानिया हे उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर नावाच्या मूळ रहिवाशांचं प्राचीन राज्य, आणि त्याच्या नावाबद्दलची ही सगळ्यात चिवट चूक. ग्रीकमध्ये ‘माउरोस’ म्हणजे काळसर, म्हणून नाव तिथूनच आलं, हा तर्क सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिडोर याने लिहून ठेवला आणि पुढचे लोक तो उतरवत राहिले. पण त्याच्या सहाशे वर्षं आधीचा भूगोलकार स्ट्रॅबो वेगळंच सांगतो. ग्रीक या लोकांना ‘माउरुसिओई’ म्हणतात. रोमन आणि तिथले लोक मात्र ‘माउरी’च म्हणतात. म्हणजे आधी जमातीचं नाव आणि त्यावरून देशाचं. ज्यांना स्वतःचं नाव होतं त्यांची ओळख परक्यांच्या रंगवाचक शब्दात शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

‘माउरी’चा अर्थ काय? काहीजण तो फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या भाषेतल्या ‘पश्चिमेचे’ अशा अर्थाच्या शब्दाशी जोडतात. हा अंदाज आहे. लिहायचा तर अंदाज म्हणूनच लिहा.

दुसरी चूक नकाशावरची. आजचा मॉरिटानिया हा देश म्हणजे ते राज्य नव्हे. बोक्कुस, दुसरा जुबा या राजांचं ते राज्य आजच्या उत्तर मोरोक्कोत आणि अल्जीरियात होतं. जुबाची राजधानी कैसरिया म्हणजे अल्जीरियातलं शेर्शेल. आजचा देश सहाराच्या नैर्ऋत्येला आहे. हे जुनं नाव त्या भागाला फ्रेंच अधिकारी झेवियर कोपोलानी याने 1899 मध्ये सुचवलं. मराठीत दोन्ही नावं बहुतेक एकसारखीच लिहिली जातात, म्हणून घोळ वाढतो. मजकुरात शेर्शेल, टँजियर, वोलुबिलिस आलं तर प्राचीन राज्य. नुआकशॉत ही राजधानी आली तर आजचा देश.

मध्ययुगीन स्पेनमधल्या मुस्लिमांना युरोपात ‘मूर’ म्हणत. हा शब्द ‘माउरी’वरूनच आला, पण त्या मुस्लिमांचं चित्र जुबाच्या दरबारावर चिकटवू नका. जुबाचा मुलगा टॉलेमी याला रोमन सम्राट कॅलिग्युलाने इ.स. 40 मध्ये ठार मारलं, त्याच्यानंतरचा सम्राट क्लॉडियसने राज्याचे टिंगिटाना आणि कैसरिएन्सिस असे दोन प्रांत केले. इस्लामचा उदय त्यानंतर जवळपास सहा शतकांनी.

आणि मॉरिशस? तिथे मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. त्या बेटाला 1598 मध्ये डचांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं. बर्बर राज्याचा तिथे थेट संबंध नाही.