पुरातल्या सरकारी दिरंगाईवर बोलताना या चुका टाळा

पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की कोल्हापुरात दोन कामं एकदमच सुरू होतात, स्थलांतर आणि निवेदनबाजी. निवेदनात 'प्रशासन झोपलंय' हे वाक्य ठरलेलं. त्यावर 'यंत्रणा सज्ज आहे' हे उत्तरही ठरलेलं. दोन्हींत तारीख नाही, वेळ नाही, म्हणून दोन्ही खपून जातात आणि पाणी ओसरलं की विषय संपतो. सरकार उशिरा हललं असा आरोप करायचा तर तो घड्याळ लावूनच केला पाहिजे.

'उशीर झाला' म्हणायचं, पण किती ते सांगायचं नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी पावसाळ्यात दिवसातून अनेकदा जाहीर होते. ते मेसेज आपण दहा ग्रुपवर ढकलतो आणि पूर ओसरला की मोबाइलची जागा भरली म्हणून पुसून टाकतो. पुसू नका, तोच पुरावा आहे. पातळी 39 फुटांच्या इशाऱ्यावर कधी गेली, 43 वर कधी गेली, आपल्या गल्लीत बाहेर पडायला कधी सांगितलं आणि बोट कधी आली, या चार वेळा एका कागदावर एकाखाली एक लिहा. मधलं अंतर म्हणजेच तुमचा आरोप. त्याला विशेषणं लावायची गरज उरत नाही.

आणि हे अंतर बरोबर जागी शोधा. सुतारवाड्यात पाणी आधी शिरतं, तिथली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवली जातात, हे दरवर्षीच्या सरावाचं झालंय. 2019 ला पातळी 55 फुटांच्या वर गेली, 2021 ला 56 च्याही वर. त्या वेळी ज्यांच्या दारात आयुष्यात कधी पाणी आलं नव्हतं अशी घरं बुडाली. 'इथवर पाणी येत नाही' म्हणून ती माणसं थांबली, यात त्यांचं काय चुकलं? तुमच्याकडं येणार आहे, हे त्यांना कुणी आणि कधी सांगितलं, हा प्रश्न विचारायचा. उत्तर मिळेना तर माहिती अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागा. अर्जाला 10 रुपये लागतात, मुदत 30 दिवसांची. माहिती थेट कुणाच्या जीविताशी संबंधित असेल तर कायद्यानं 48 तासांत द्यावी लागते. हे कलम आपल्याकडं फारसं कुणी वापरतच नाही.

पहिल्याच वाक्यात अलमट्टी

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची फूग, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणारं पाणी, शिरोळपर्यंत येते का, यावर भांडायला माणूस लागत नाही, चहा पुरतो. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषी धरलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं. नदीकाठच्या अनेकांना ते आजही पटलेलं नाही. धरणाची पाणीपातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरवर न्यायचा कर्नाटकाचा बेत पाहता ती भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. त्यासाठी जरूर भांडा. पण बोट उशिरा आली या तक्रारीत अलमट्टी आणलं की मुंबईचं आणि कोल्हापुरातल्या कचेऱ्यांचं आयतंच फावतं. सगळी जबाबदारी कृष्णेबरोबर वाहत कर्नाटकात जाते आणि इथं कुणाला काही विचारायचंच राहत नाही.

'रात्रीत राधानगरीचे दरवाजे सोडले' हे वाक्यही असंच अंगाशी येतं. राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक पाणी येतं. रात्री कुणी बटण दाबलं असा आरोप केला की अभियंता हसून दोन मिनिटांत तो खोडतो, आणि तुमचे बाकीचे खरे मुद्देही त्याच हसण्यात जातात. त्याऐवजी असं विचारा: जोराच्या पावसाचा अंदाज आला त्या दिवशी धरण किती भरलं होतं? आधी पाणी सोडून जागा का केली नाही? दरवाजा उघडल्याचा निरोप भोगावतीकाठच्या गावांत किती वाजता पोचला?

मंत्री आला की नाही यावरच सगळा जोर

'मंत्री आलं, बोटीतनं फिरलं, फोटो काडलं, गेलं.' कट्ट्यावरचं हे वाक्य खरं असलं तरी तक्रार म्हणून बिनकामाचं. मंत्र्याच्या दौऱ्यात उलट अधिकारी आणि बोटी अडकून पडतात. ऑगस्ट 2019 मध्ये गिरीश महाजनांच्या बोटीतल्या सेल्फी व्हिडिओवर राज्यभर गदारोळ झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण माझ्या मते त्याहून जबर मुद्दा 7 ऑगस्टच्या शासन निर्णयात होता. क्षेत्र दोन दिवसांहून जास्त काळ पाण्याखाली असेल तरच 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मोफत, अशी अट त्यात होती. म्हणजे घरात छातीभर पाणी असलेल्या माणसानं आधी दोन दिवस मोजायचे. अशा वेळी कागदच वाचून दाखवायचा. मंत्री 'मी तसं हसलोच नाही' म्हणू शकतो, सरकारी कागदाला ती सोय नसते.

त्या शासन निर्णयाच्या दुसऱ्याच दिवशी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. बोट बचाव पथकाची नव्हती, ग्रामपंचायतीची होती. हा तपशील तेव्हा सरकारच्या बचावासाठी पुढं केला गेला. खरं तर तोच आरोप आहे. गावाला स्वतःच्या बोटीत माणसं कोंबावी का लागली?

बाकीच्या चुका थोडक्यात. जुना फोटो नव्या पुराचा म्हणून टाकू नका. एक खोटा फोटो सापडला की सरकारी खुलासा त्याच्यावरच येतो. मृतांचा आकडा ऐकीव देऊ नका. तलाठ्यावर ओरडू नका, पंचनामा करायला तोच येणार आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो आणि राज्य प्राधिकरणाचा मुख्यमंत्री. निवेदनावर नाव त्यांचं हवं. आणि पक्ष बघून गप्प बसू नका. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांत मुंबईतलं सरकार वेगळं होतं. 2019 ला विरोधक जे बोलले तेच 2021 ला नव्या विरोधकांनी बोलून दाखवलं. 30 जुलै 2021 ला कोल्हापूरच्या शाहूपुरीत उद्धव ठाकरे आणि देवेंद्र फडणवीस समोरासमोर आले, त्याचीच चर्चा जास्त झाली.

राहिली वेळेची चूक. आपला सगळा संताप जुलै-ऑगस्टमध्ये येतो आणि गणपतीत विरतो. चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना 1989 च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या, तरीही पूर आला की याच गावांतून माणसं बोटीनं काढावी लागतात. त्यावर ऐन पुरात बोलून उपयोग नाही. मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, तिच्या आधी लेखी विचारा: आमच्या गावाच्या वाट्याला किती बोटी आहेत, त्यांची इंजिनं शेवटची कधी चालवून पाहिली, चालवणारा कोण आणि तो रात्री दोन वाजता फोन उचलेल का? पोच घ्या, तिच्यावर तारखेचा शिक्का मारून घ्या.