जास्वंदीचं कुळ कसं ओळखायचं? पाकळ्या सोडा, मधली दांडी पहा

नागपुरात हे कुळ शिकायला लांब जायची गरजच नाही, जास्वंद दारात असते, भेंडी अन् अंबाडी बाजारात, आणि शहराबाहेर निघालं की कापूस. चारही मालव्हेसी कुळातले.

आधी साधी पाच पाकळ्यांची जास्वंद तोडा. गच्च डबलवाली नको, तिच्यात बरेच पुंकेसर (परागकण देणारे नर तंतू) पाकळ्यांसारखे झालेले असतात, भाचीला शिकवताना तीच आणली होती तर अर्धा तास वाया गेला.

आता फूल उलटं करा. खाली पाच हिरव्या निदलांची (कळी झाकणाऱ्या पानांची) वाटी दिसेल अन् तिच्याही बाहेर बारक्या हिरव्या पानांचा अजून एक घेरा. कापसात हाच घेरा तीन मोठ्या दातेरी पानांचा असतो, शेतकरी ज्याला पाती म्हणतात ती कळी त्याच्यातच झाकलेली असते. पण हा घेरा नाही म्हणून झाड बाद करू नका, बला आणि पेटारी या याच कुळातल्या रानझाडांना तो नसतोच.

मग ब्लेडनं फूल उभं चिरा, हळू, खरी मजा इथंच आहे. सगळे पुंकेसर एकमेकांना जुळून एक नळी झालेली असते, त्या नळीच्या आतून स्त्रीकेसराची दांडी वर येते अन् टोकाला पाच मखमली टिकल्या. भिंगातून पाहाल तर प्रत्येक परागकोश (पुंकेसराच्या टोकाची परागाची पिशवी) एकाच कप्प्याचा, इतर कुळांच्या बहुतेक फुलांत दोन कप्पे असतात. ही नळी दिसली की माझ्या मते नव्वद टक्के काम झालं!

पान चुरगळून पहा, चिकट बुळबुळीत लागतं, भेंडीसारखंच. जास्वंदीच्या कळीसारख्याच कण्हेरीच्या पाकळ्याही पिळदार असतात त्यामुळे लोक फसतात, पण तिचं पान तोडलं की चीक निघतो आणि ती विषारी आहे, हात धुवाच.

भेंडी आडवी कापली की बियांचे कप्पे दिसतात, बहुतेक पाच. कापसाचं बोंड सुद्धा असंच कप्प्यांवर उकलतं.

काटेसावर आधी वेगळ्या कुळात होती, 1998 च्या एपीजी (Angiosperm Phylogeny Group, सपुष्प वनस्पतींची कुळं लावणारा शास्त्रज्ञांचा गट) वर्गीकरणानं तिला इथं आणलं. तिच्यात अशी लांब नळी शोधू नका, पुंकेसरांचे जुडगे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळालेल्या सावरीखाली लालभडक फुलं पडलेली असतात, एक उचलून घरी न्या अन् जास्वंदीच्या बाजूला ठेवून चिरा.