रेकॉर्डी घ्यायला संभाजीनगर, तेही अख्ख्या घरादाराला घेऊन

पहिली गोष्ट, घरी खोटं बोलायचं नाही. 'चला, ताईकडं जाऊन येऊ, पोरांना मकबरा दाखवू' म्हणायचं आणि तिथं गेल्यावर 'मी आलोच अर्ध्या तासात' करून बाजारात सटकायचं, हे मी दोनदा केलं, दोन्ही वेळा अर्ध्या तासाचे तीन तास झाले आणि परत येताना परभणी येईपर्यंत गाडीत कोणी माझ्याशी बोललं नाही. आता सरळ सांगतो की जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डी बघायला चाललोय, कोणाकोणाला यायचंय बोला. गंमत म्हणजे सगळेच येतात, फक्त प्रत्येकाचा हिशोब आधी ठरवून घ्यावा लागतो.

आमचा हिशोब असा. शनिवारी परभणीहून तपोवन एक्सप्रेस पकडायची, दुपारी संभाजीनगर. संध्याकाळ पूर्ण बायकोची, म्हणजे पैठण गेट, टिळक पथ, गुलमंडी, आणि त्या वेळात मी रेकॉर्डचा र सुद्धा काढत नाही, पिशव्या धरतो. रविवारी सकाळ माझी. पोरांना सिद्धार्थ उद्यान नाहीतर पाणचक्की, ते ताईचे यजमान सांभाळतात. परतीची तपोवन दुपारी असते, त्यामुळं आपोआपच माझ्यावर वेळेचं बंधन येतं आणि खरं सांगू का, ते चांगलंच आहे, नाहीतर मी संध्याकाळपर्यंत तिथंच उकिडवा बसलेला दिसेन. जेवणात नान खलिया खायचा असेल तर शनिवारी रात्रीच उरकून घ्या.

मुंबईचा चोर बाजार नाहीतर पुण्याचा जुना बाजार डोक्यात ठेवून निघालात तर मात्र निराश व्हाल. तिथं रेकॉर्डवाले रेकॉर्ड घेऊनच बसलेले असतात. आपल्याकडं रविवारच्या जाफर गेटच्या बाजारात फिरताना एखाद्या जुन्या सामानवाल्याकडं मिक्सरची भांडी, पान्हे, बंद पडलेला टेबलफॅन आणि त्याच्याखाली चार रेकॉर्डी अशी गत असते. 'रेकॉर्ड आहेत का' म्हणून विचारलं तर अर्धे जण नाहीच म्हणतात. 'काळ्या तबकड्या, जुन्या गाण्याच्या' म्हटलं की मग आठवतं. आणि नाही म्हणाला तरी नंबर द्यायचा, भंगार गोळा करणाऱ्याच्या हाती कधी काय लागेल सांगता येत नाही.

पण खरा माल बाजारात नसतोच. तो असतो जुन्या लाऊडस्पीकरवाल्यांकडं. लग्नात मंडप, कर्णा, बॅटरी आणि रेकॉर्डची पेटी घेऊन गावोगाव जाणारी ही माणसं, ८० च्या दशकात कॅसेट आल्या आणि ह्यांच्या पेट्या माळ्यावर गेल्या त्या गेल्याच. म्हणून निघायच्या आठ दिवस आधी नातेवाईकांना फोन करायचा आणि एवढंच विचारायचं, की तुमच्या भागात आधी स्पीकरचा धंदा कोणाचा होता? जुन्या कॅसेट भरून देणाऱ्या दुकानदारांचाही असाच तपास करायचा, त्यांच्याकडच्या एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्डी, जरा बऱ्या असतात कारण कॅसेट भरण्यापुरत्याच वाजलेल्या.

मागच्या खेपेला ताईच्या ओळखीनं असेच एक काका भेटले. पत्र्याच्या शेडमध्ये कनाती, मोठाले पातेले, गंजलेला कर्णा आणि कोपऱ्यात लोखंडी पेटी. झाकण उघडलं तर आतल्या बाजूला खळीनं चिटकवलेली गाण्यांची यादी, आणि प्रत्येक रेकॉर्डच्या लेबलवर लाल ऑइलपेंटनं त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर, दुसऱ्या स्पीकरवाल्यात मिसळू नये म्हणून. एक ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, हातात घेतली, तिची एक बाजू घासून पार राखाडी झालेली, दुसरी बाजू लखलखीत. काका म्हणाले, 'ती वरातीची बाजू हाय, पाठीमागचं कोण ऐकतंय.' तेव्हा स्पीकरवाल्याकडची रेकॉर्ड घेताना दोन्ही बाजू बघायच्याच. नाचायची गाणी संपलेली असतात, पण शास्त्रीय, नाट्यसंगीत, कधी भीमसेन जोशींचे अभंग, ह्यांना फारसा हात लागलेला नसतो. आणि तिथं घासाघीस करू नका. त्यांनी आयुष्य काढलंय त्या पेटीवर. चहा घ्या, कर्ण्याच्या गोष्टी ऐका, ते जे म्हणतील त्यात शंभर घालून द्या.

बाजारात मात्र भरपूर घासाघीस करायची आणि ते काम आईकडं द्यायचं. मी रेकॉर्ड हातात घेतली की माझ्या तोंडावरच दिसतं की हा घेणार, मग भाव उतरत नाही. आई तिकडं बघून म्हणते, 'ह्या काळ्या ताटल्या कशाला घेऊ लालास रे, ठेव खाली,' आणि दोनशेची गोष्ट ऐंशीवर येते. मी तिला हे नाटक शिकवलेलं नाही, ती मनापासूनच म्हणते.

आता घेताना बघायचं काय ते नीट सांगतो. आधी रेकॉर्ड कव्हरमधून पूर्ण बाहेर काढा, कव्हर एकाचं आणि आत दुसरीच हे इतकं होतं की मी एकदा नाट्यगीतांचं कव्हर बघून घेतलेली एलपी घरी येऊन लावली तर आत इंग्रजी शिकवायचे धडे. मग मोबाईलचा टॉर्च तिरका धरायचा, हे काम पोरीला द्या, तिला मजा येते. पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका, ती बहुतेक बुरशी असते, धुतल्यावर जाते. चरा दिसला तर नख अलगद फिरवून बघा, नखाला लागला तर सुईलाही लागणार, म्हणजे एकच ओळ परत परत. चकाकी जाऊन राखाडी झाली असेल तर ती जड सुईनं खाल्लेली, सोडून द्या. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेघोट्यांचं जाळं असेल तर समजायचं लई वेळा वाजलीय. शेवटी डोळ्यासमोर आडवी धरून बघा वाकलीय का.

प्रकार तीन. मोठी १२ इंची एलपी, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या स्पीडची, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. छोटी ७ इंची ईपी, ४५ ची, आपल्याकडं तिच्यावर बऱ्याचदा दोन्ही बाजूंना मिळून चार गाणी. आणि जुनी जड ७८ ची, एका बाजूला साधारण तीन मिनिटं, ही लाखेची असते, हातातून पडली की बशीसारखी फुटते. ७८ वेगळी ओळखता आलीच पाहिजे कारण तिची खाच रुंद असते, तिला सुई वेगळी लागते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीच लावायची नाही, ती स्टीलची पिन एकाच फेरीत एलपीची वाट लावते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळं आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत हैदराबादहून आणलेल्या उर्दू कव्वाल्यांच्या ७८ पण सापडतात, लेबल वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका. खूप जुनी मिळाली तर शेवटपर्यंत ऐका, त्या काळचे काही गायक गाणं संपताना स्वतःचं नाव सांगायचे, १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जाननं तसंच केलं होतं.

भावाचं म्हणाल तर मी बाजारात ईपीला पन्नास-साठच्या वर आणि एलपीला दोनशेच्या वर सहसा जात नाही. 'शोले'च्या डायलॉगची पॉलिडोर कंपनीची एलपी दाखवून कोणी 'दुर्मीळ आहे' म्हणाला तर हसून पुढं जा, तेव्हा ती घरोघरी होती.

ऊन. ह्याबद्दल कोणी बोलत नाही आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतं. मे महिन्यात भावजींच्या गाडीत मागच्या काचेपाशी चार ईपी ठेवल्या आणि आम्ही रसवंतीत बसलो, फक्त वीस मिनिटं. येऊन बघतो तर चारीच्या कुरडया. बंद गाडीत उन्हात साठच्या वर तापमान सहज जातं आणि तेवढ्यात रेकॉर्ड मऊ पडते. म्हणून खरेदी दिवाळी ते होळी दरम्यान करा, उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत उरका. रेल्वेत वरच्या फळीवर सुटकेसखाली नाही, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये उभ्या बांधून पायाशी. आडव्या गठ्ठ्यानं ठेवायच्याच नाहीत, घरी सुद्धा.

घरी आल्यावर लगेच लावायचा मोह आवरा. आपलं बोअरचं पाणी वापरू नका, ते इतकं जड असतं की वाळल्यावर खाचेत पांढरा क्षार बसतो आणि रेकॉर्ड आधीपेक्षा जास्त करकरते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब, जुन्या मऊ सुती कपड्यानं खाचेच्या दिशेनं गोल पुसायचं, आडवं घासायचं नाही, मग नुसत्या डिस्टिल्डनं परत एकदा. लेबल कोरडं ठेवा. कोणी स्पिरिट सांगितलं तर निदान ७८ ला तरी लावू नका, लाख विरघळते त्यात. वाळवायला भांड्यांचं स्टँड एकदम फिट बसतं, ताटल्या जशा उभ्या राहतात तशा ह्या राहतात. फक्त त्या दिवशीची भांडी आपण घासायची, त्याशिवाय स्टँड मिळत नाही.