सोलापुरात भाड्याने राहायला येताय? आधी पाण्याचा मीटर बघा

मी मूळची कोकणातल्या राजापूरची. सोलापुरात 19 वर्षं झाली. दर जूनला आपल्याकडचं कुणीतरी बदलीवर इथे येतं आणि मी केलेला गाढवपणा जसाच्या तसा करतं, म्हणून लिहायला बसले.

इथे नळाला रोज पाणी नसतं. मध्ये काही दिवस जातात. पाण्याची पाळी कधीची ते शेजारणीला विचारा. उजनी धरणातून शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं ते. वाटेत पाइप फुटला की पाळी पुढे सरकते. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ ऐकलंत तर घाबरू नका, धरणाच्या तळाचा मृतसाठा वापरायला सुरुवात झाली एवढाच अर्थ.

अर्धा इंची नळाला महापालिकेची पट्टी वर्षाची ठोक. पाणी कमी वापरा, जास्त वापरा, तीच. पण अपार्टमेंटमध्ये टँकर आणि बोअरच्या विजेचा खर्च वर चढतो, म्हणून आमच्या सोसायटीने फ्लॅटमागे मीटर बसवले. मला ते पटलं. आधी दोन म्हाताऱ्यांच्या घराला आणि रोज गाडी धुणाऱ्याला सारखाच वाटा यायचा. ओरडले कोण? आपलेच कोकणी. म्हणे, पाण्याला कसले पैसे! अहो, परसातली विहीर तिकडेच राहिली.

आता मुख्य गोष्ट. किल्ली हातात घेण्याआधी मीटरवरचा आकडा लिहून घ्या. फोटो काढा, घरमालकाला पाठवा, त्याचं ‘ओके’ आल्याशिवाय सामान उतरवू नका. हा फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा मी आकडा बघितलाच नाही. पहिलं बिल 61 युनिटचं (एक युनिट म्हणजे हजार लिटर), युनिटला 60 रुपये, म्हणजे 3,660. आम्ही चौघं. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तरी महिन्याला 16 युनिट होतात. घर तीन महिने बंद होतं आणि फ्लशच्या टाकीचा फ्लोट गळत होता, हे नंतर कळलं. मालक म्हणाला, ‘मीटर तुमच्या नावावर आहे ताई.’ भरले.

आता मीटर कसा वाचायचा ते. काळे आकडे युनिटचे, लाल लिटरचे. जुन्या इमारतीत स्वयंपाकघराची लाइन वेगळी आणि संडास-बाथरूमची वेगळी असते, म्हणजे मीटरही दोन. दोन्हींचे फोटो हवेत! रात्री सगळ्या तोट्या बंद करून डायलवरची बारीक चक्री बघा. फिरत असेल तर कुठेतरी गळतंय.

स्वतंत्र घर असेल आणि मीटर थेट नळावर असेल, तर पाणी येण्याआधी पाइपातली हवा सुटते आणि तीही काटा फिरवते. हवा सुटायला मीटरच्या अलीकडे व्हॉल्व्ह आहे का, ते प्लंबरला विचारा.

नळाला मोटर लावू नका. शेजाऱ्याचं पाणी ओढलंत तर इथली माणसं एरवी कितीही मोकळी असली तरी तुमच्याशी बोलणं टाकतात.

आणि घर सोडतानाही आकड्याचा फोटो काढा. डिपॉझिट त्यावरच अडतं.