अंटार्क्टिकाच्या जहाजावर कॅमेरा कोरडा राहावा म्हणून

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा गॅलरीत नेला की लेन्सवर लगेच धुके धरते, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाजावर हाच प्रकार उलटा घडतो. बाहेर शून्याच्या आसपास गारठलेला कॅमेरा उबदार केबिनमध्ये आणताच आतल्या हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. समुद्राच्या पाण्याची भीती सगळ्यांनाच असते आणि ती योग्यही आहे, परंतु माझ्या मते तयारीचा निम्मा भार या न दिसणाऱ्या पाण्यावर टाकावा.

हा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे सामान भरताना आपला पावसाळा नुकताच संपलेला असतो. म्हणून प्रथम प्रत्येक लेन्स उजेडासमोर धरून बुरशी तपासावी आणि माउंटभोवतीची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते तिथली, रबरी कड फाटलेली नाही ना, हे पाहावे. कॅमेरा ‘वेदर सील्ड’, म्हणजे पाऊस-धूळ आत शिरू नये असा बंदिस्त, असला तरी लेन्सही तशीच असावी लागते, आणि काही लेन्सचे संरक्षण पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होते. ‘वेदर सील्ड’ म्हणजे पाण्यात बुडवण्याजोगा नव्हे, हे वेगळे सांगायला नको. विम्याच्या कागदांत पाण्याने झालेले नुकसान धरले आहे की वगळले आहे, तेही याच वेळी वाचून ठेवावे.

तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग घ्यावी आणि तिच्यावर विसंबण्यापूर्वी घरीच परीक्षा करावी: आत वर्तमानपत्राचा कागद ठेवून, तोंडाला निदान तीन घड्या घालून, ती भरल्या बादलीत काही वेळ दाबून धरावी; कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत जावा. मोठ्या झिप पिशव्या चार-पाच, सिलिका जेलच्या पुड्या, एक रेनकव्हर आणि लेन्ससाठी मायक्रोफायबरचे रुमाल पुरेसे होतात. मुंबईतल्या बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांत, गेल्यावर आणखी बरेच काही घ्यावेसे वाटेल, तो मोह आवरावा.

जहाजावरून किनाऱ्यावर नेणाऱ्या झोडियाक या रबरी होड्यांत खारे तुषार थेट अंगावर येतात. चढता-उतरताना खलाशी आपला हात कोपराच्या खाली पकडतो आणि आपणही त्याचा तसाच पकडायचा असतो, तेव्हा दोन्ही हात मोकळे हवेत. बहुतेक वेळा घोट्यापर्यंतच्या पाण्यात उतरावे लागते. त्यामुळे चढण्या-उतरण्याच्या वेळी कॅमेरा गळ्यात नको, बंद पिशवीत हवा. होडीत लेन्स बदलू नये; कोणती लावायची ते जहाजावरच ठरवावे. झूम करताना लांब होणारी लेन्स बाहेर आलेल्या नळीवरचे थेंब मागे घेताना आत ओढते, म्हणून आधी नळी पुसावी. या सगळ्याचा सराव ऐरोलीच्या फ्लेमिंगो पाहण्याच्या बोटीवर उत्तम होतो, थंडी तेवढी मिळत नाही.

परतताना मात्र घाई करू नये. कॅमेरा बाहेरच्या थंड हवेतच झिप पिशवीत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बंद करावे आणि मगच केबिनमध्ये न्यावा. तो खोलीइतका उबदार होईपर्यंत, प्रसंगी दोन-तीन तास, पिशवी उघडू नये. वाफ मग पिशवीच्या बाहेरच्या बाजूवर जमते. छायाचित्रे पाहण्याची उत्सुकता अनावर होणार असेल तर मेमरी कार्ड बाहेरच काढून खिशात ठेवावे. मी स्वतः हाच मार्ग निवडला असता. हीटरजवळ कॅमेरा वाळवू नये.

पिशवीच्या शिवणीत आणि वेल्क्रोत अडकलेली बी-माती किनाऱ्यावर जाण्यापूर्वी काढावी लागते, तेव्हा ही सफाई मुंबईतच करून टाकावी. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाशी ठेवाव्यात, आणि विमानात त्या हातातल्या सामानातच न्याव्यात.

रोज रात्री गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने कॅमेऱ्याचे बाहेरचे अंग पुसावे आणि लगेच कोरडे करावे. कडांमध्ये राहिलेले समुद्राचे मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, आणि परत आल्यावर मुंबईत त्याला ओलाव्याची कमतरता पडत नाही. म्हणून घरी पोहोचल्यावर हेच पुसणे पुन्हा एकदा करूनच कॅमेरा ताज्या सिलिका जेलसह डब्यात ठेवावा.