जुनी डॅनिश खुर्ची नीट करताय? या चुका टाळा

1950-60 च्या काळातली सागवानी डॅनिश आरामखुर्ची हाती लागली की बहुतेक जण पहिली चूक एकच करतात, मीही केली. सीट खचलीय ना, मग खुर्ची उचलून थेट गादीवाल्याकडे आणि जाड फोम भरून घ्यायचा. माझी जुनी गादी 4 इंची होती, नवी 6 इंची होऊन आली, बसलं तर कोपर खुर्चीच्या हातांवर टेकेना, पाय अधांतरी, आणि दिसायलाही ती खुर्ची राहिलीच नाही. कारण या खुर्च्यांची सगळी मजा लाकूड आणि गादी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आहे. डॅनिश डिझायनर फिन यूलने 1945 साली जी खुर्ची केली तिच्यात त्याने सीट आणि पाठ लाकडी सांगाड्यापासून सुटी काढली, म्हणून ती तरंगल्यासारखी वाटते. जाड फोम भरला की ती मोकळी जागाच बुजते.

आणि बऱ्याचदा दोष फोमचा नसतोच. गादी उचला, बऱ्याच खुर्च्यांत खाली रबरी पट्टे असतात. एक पट्टा अंगठ्याने दाबून बघा, रबर चांगलं असेल तर लगेच वर येईल, गेलेलं असेल तर तसंच लोंबेल, वाकवलं की तडे जातील आणि फरशीवर भुगा पडेल. मग पट्टेच बदला, साधारण 10 टक्के ताणून, म्हणजे सांगाड्याचं आतलं माप 50 सेंमी असेल तर पट्टा 45 चा. पट्ट्यांच्या टोकांच्या जुन्या लोखंडी क्लिपा प्लीज फेकू नका, सांगाड्यातल्या खाचेत त्याच नीट बसतात. कोणी खाटेची नवार लाव म्हणेल, तिला रबरासारखा ताण नसतो, ऐकू नका.

खुर्ची डुगडुगतेय म्हणून खिळा किंवा स्क्रू मारू नका, लाकूड चिरतं आणि पुढच्या वेळी सांधा उघडताच येत नाही. जुन्या सरसावर नुसता फेव्हिकॉल ओतूनही काही होत नाही, नवा गोंद लाकडाला धरतच नाही. सांधा सोडवा, कोमट पाण्याने सरस मऊ करून खरवडा, वाळू द्या, मग गोंद लावून क्लॅम्पमध्ये दिवसभर ठेवा.

पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी खुर्ची उलटी करा. खाली कारखान्याचा शिक्का किंवा छोटी धातूची चकती असू शकते, ती गेली की खुर्चीची ओळखच गेली. चकचकीत पॉलिशही नको, सागाला तेल पुरतं, पण जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात, खरंच. बाहेर पसरून वाळवा.

कापडात रेक्झिन टाळा, मुंबईच्या दमटपणात पाठीला चिकटतं. डेन्मार्कमध्ये लोकरीचं कापड वापरायचे, नाना डिट्झेल या डॅनिश डिझायनर बाईंचं 1965 चं हालिंगडाल नावाचं कापड अजूनही मिळतं, 70 टक्के लोकर. फक्त लोकरीला कसर लागते, म्हणून महिन्यातून एकदा गाद्या उचलून शिवणीच्या कडेने व्हॅक्यूम फिरवा.