दुकानाचा बोर्ड लावताय? निदान या चुका तरी टाळा

बोर्ड बनवण्याच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली. पुणे, पिंपरी-चिंचवड, अधूनमधून मुंबई. दुकान नवं असो की जुनं, मालक शिकलेला असो की नसो, चुका मात्र त्याच. उद्घाटनाचा मुहूर्त आठ दिवसांवर आला की लोकांना बोर्ड आठवतो. मग “परवानगीचं नंतर बघू, आधी लावून टाका” हे वाक्य ठरलेलं. ते “नंतर” नोटीस घेऊन येतं, किंवा वळवाच्या पहिल्या वाऱ्यात रस्त्यावर पडतं. तीन चुकांबद्दल मला सविस्तर बोलायचंय. बाकीच्या थोडक्यात सांगतो.

कंपनीकडून मिळालेला फुकटचा बोर्ड

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. शीतपेयाचा, मोबाइलचा किंवा रंगाचा वितरक दुकानात येतो आणि म्हणतो, “शेठ, बोर्ड आमच्याकडून. ग्लो साइन, लाइटसकट. एक पैसा देऊ नका.” शेठ खूश. बोर्ड लागतो तेव्हा दोन तृतीयांश जागेत कंपनीचं नाव आणि चित्र असतं, आणि उरलेल्या कोपऱ्यात दुकानाचं नाव.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं 244 आणि 245, आणि मुंबईपुरतं 1888 च्या कायद्याचं कलम 328 आणि 328अ. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय आकाशचिन्ह किंवा जाहिरात लावायची नाही, हा मूळ नियम. त्यातून काही फलक वगळले आहेत. त्या जागेत चालणाऱ्या धंद्याबद्दलचा फलक, जागेचं किंवा मालकाचं नाव सांगणारा फलक, खिडकीच्या आत लावलेला फलक. पण या सवलतीला एक अट आहे आणि ती कुणी वाचत नाही: फलक प्रकाशित नसावा आणि आकाशचिन्ह नसावा. इमारतीवर किंवा खांबावर उभा केलेला, रस्त्यावरून पाहिलं तर मागे आकाश दिसेल असा फलक म्हणजे आकाशचिन्ह.

म्हणजे साध्या पत्र्यावर रंगवलेलं “अमुक किराणा स्टोअर्स” सवलतीत बसतं. त्यातच एलईडी टाकले, की विषय परवानगीचा झाला. त्यावर दुसऱ्याच कंपनीचं पेय झळकायला लागलं, की ती सरळ जाहिरात झाली. बोर्ड तुमच्या दुकानावर आहे, म्हणून तो तुमचा नामफलक ठरत नाही.

उपनगरातल्या एका किराणावाल्यानं असाच बोर्ड घेतला होता. मी त्याला आधी सांगितलं होतं की साधा नामफलक करून देतो, खर्चही फार नाही. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर माझं कोण ऐकतो! पुढे महापालिकेचा माणूस आला. विनापरवाना प्रकाशित जाहिरात म्हणून नोटीस दुकानाच्या नावावर. दुकानदार म्हणाला, “साहेब, बोर्ड कंपनीनं लावलाय, त्यांना विचारा.” साहेबांनी विचारलं, “दुकान कुणाचं आहे?” वितरकाला फोन केला तर त्या भागाचा माणूस बदललेला, आणि नव्या माणसाला काही ठाऊक नाही. कंपनीकडून एक कागदसुद्धा दिलेला नव्हता. शिवाय त्या बोर्डावर दुकानाचं मराठी नाव इंग्रजीच्या खाली, निम्म्या उंचीचं. म्हणजे एकाच बोर्डात दोन वेगवेगळ्या कायद्यांचा भंग. शेवटी तो मला शोधत आला, “दादा, काहीतरी करा.” बोर्ड उतरवला, भिंतीतली भोकं बुजवली, साधा फलक लावला. फुकटच्या बोर्डाचा हा खर्च त्याच्याच खिशातून गेला.

माझी सवय सांगतो. कंपनीचा बोर्ड घ्यायचाच असेल तर वितरकाकडून लेखी घ्या: परवानगी कोण काढणार, शुल्क कोण भरणार, नूतनीकरण कुणाकडे, आणि काढायची वेळ आली तर काढणार कोण. हे चार मुद्दे लिहून द्यायला जो तयार नाही, त्याचा बोर्ड मी माझ्या गिऱ्हाइकाच्या भिंतीला लावत नाही. परवानगीची प्रत प्लास्टिकमध्ये घालून गल्ल्याजवळ ठेवायला सांगतो. तपासायला आलेल्या माणसासमोर कागद ठेवला की निम्मा वाद तिथेच मिटतो.

पुण्यात हे काम आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे असतं, मुंबईत वॉर्ड ऑफिसात अनुज्ञापन खात्याकडे. एजंटला पैसे देण्याआधी स्वतः एकदा जाऊन विचारा. फार वेळ लागत नाही, आणि एजंट जे सांगतो त्यातलं खरं किती हे कळतं. “जीएसटी आल्यावर जाहिरात कर गेला, आता काही भरायचं नाही” असं सांगणारे एजंट मी पाहिलेत. कर 2017 मध्ये गेला हे खरं. परवाना शुल्क गेलेलं नाही.

मराठी अक्षरं कोपऱ्यात चिकटवणं

2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालासुद्धा देवनागरीत मराठी नामफलक सक्तीचा आहे. मराठी नाव आधी यायला हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नकोत. व्यापाऱ्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयानं 25 सप्टेंबर 2023 ला दोन महिन्यांची मुदत दिली, आणि ती संपल्यावर मुंबईत कारवाई सुरू झाली. तरी आजही गिऱ्हाईक विचारतं, “खाली छोटा स्टिकर मारला तर चालेल ना?” नाही चालत. आणि आपल्याच राज्यात आपल्या भाषेला स्टिकरची जागा द्यावी, हे मला मनापासून खटकतं.

इथे एक तांत्रिक फसगत होते. संगणकावर दोन्ही लिप्यांना एकच फॉन्ट साइज दिला तरी मराठी अक्षर बुटकं दिसतं, कारण वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार त्याच मापात बसवलेले असतात. म्हणून मी आकड्यावर जात नाही. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजतो आणि ती इंग्रजी कॅपिटलच्या उंचीएवढी किंवा थोडी जास्त ठेवतो. मग कुणीही पट्टी लावून बघावं.

आणि फाइल प्रिंटरकडे पाठवताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी त्यांची नुसती आकृती करून पाठवा. तिकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, आणि बारा फुटी बोर्डावर ती चूक वर्षानुवर्षं लोक वाचत राहतात. छापण्याआधी घरातल्या एखाद्या मराठी शिक्षकाला किंवा आजीला दाखवा. डिझाइनरवर सोडू नका.

थोडक्यात

झाडाला खिळे मारू नका. शहरी भागातल्या 1975 च्या वृक्ष कायद्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हे झाड तोडण्यातच धरलंय.

विजेचा खांब, सिग्नल, दिशादर्शक फलक यांना हात लावू नका. वाहन चालवणाऱ्याला वळण दिसलं नाही तर त्याचं पाप तुमच्या बोर्डावर.

फुटपाथवर स्टँड ठेवू नका, आजीआजोबांना रस्त्यावर उतरायला लावू नका.

सोसायटीच्या इमारतीत गाळा असेल तर सोसायटीचं ना हरकत पत्र आधी, माप नंतर.

वाऱ्याचा हिशोब न करणं

इथे घाई करणाऱ्यांशी मी भांडतो, कारण इथे माणसं मरतात.

17 एप्रिल 2023 ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याजवळ महामार्गाच्या सेवा रस्त्यावर होर्डिंग कोसळलं. पाच जण गेले. 13 मे 2024 ला घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, सतरा जण गेले. दोन्ही वेळी वळवाचं वादळ होतं. घाटकोपरचा फलक 120 बाय 120 फुटांचा होता. मुंबई महापालिकेची मर्यादा 40 बाय 40. लोक म्हणतात तिप्पट मोठा. क्षेत्रफळ तिप्पट नाही, नऊपट. आणि वारा क्षेत्रफळावर ढकलतो. ती जागा रेल्वे पोलिसांची होती, परवानगी त्यांनी दिलेली, महापालिकेची नव्हती. जागामालक हो म्हणाला म्हणजे परवानगी मिळाली, असं समजणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवावं.

“ते मोठ्या होर्डिंगचं झालं, माझा दहा बाय तीनचा बोर्ड आहे” असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब मांडतो. आयएस 875 या बांधकामावरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूलभूत वेग पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर आणि मुंबईसाठी 44 मीटर धरलाय. म्हणजे ताशी साधारण 140 आणि 158 किलोमीटर. दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट झाला की दाब चौपट. पुण्याच्या वेगाला चौरस मीटरवर नव्वद किलोच्या वर भार येतो. दहा बाय तीन फुटांच्या फलकावर अडीचशे किलो. वीस बाय दहावर सतराशे किलो. उंची, आकार आणि मोकळी जागा यांचा परिणाम यात धरलेलाच नाही, तो इंजिनिअरनं काढायचा. आणि हा भार वजनासारखा खाली ओढत नाही. तो आत ढकलतो, बाहेर खेचतो, पुन्हा ढकलतो.

एवढं असून मी काय बघतो? अर्ध्या इंचाच्या प्लास्टरमध्ये गिट्टी (स्क्रू पकडायचा लाकडी किंवा प्लास्टिकचा तुकडा) मारून चार स्क्रू. विटांच्या सांध्यात ठोकलेले खिळे. दर्शनी भागाला लावतात त्या पातळ एसीपी (अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिक) शीटलाच लटकवलेली फ्रेम, जिच्या मागे भिंतीला काही पकडच नाही. मुलं शिडीवर चढतात, ड्रिल फिरतं, तासाभरात काम संपतं आणि मालक फोटो काढतो.

मी आधी हातोडीनं भिंत वाजवून बघतो. पोकळ आवाज आला की प्लास्टर सुटलेलं आहे, तिथे काही लावायचं नाही. बीम किंवा कॉलम शोधतो आणि अँकर फास्टनर, म्हणजे आत फुगून पकडणारा जाड बोल्ट, थेट काँक्रीटमध्ये घेतो. फ्रेमचे सगळे जोड वेल्ड करून रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग मारतो, पाइपची तोंडं बंद करतो, कारण गंज आतून खातो आणि बाहेरून रंग ताजा दिसत राहतो. गच्चीवर किंवा जमिनीवर उभा करायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय मी कामाला हात लावत नाही. त्याचं प्रमाणपत्र म्हणजे नुसता सही-शिक्का नव्हे. तो माणूस जागेवर येऊन पाया बघून गेला पाहिजे. घरबसल्या सही देणारेही मिळतात, त्यांच्याकडे जाऊ नका. फ्लेक्सला चंद्रकोरी काप मारले की वारा निघून जातो ही समजूतही सोडा, त्यानं फारसा फरक पडत नाही.

वर्षातून एकदा, गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात, शिडी लावून प्रत्येक बोल्ट तपासा. जूनची वाट बघू नका. वळीव त्याआधीच येतो.

वाढदिवसाचे फ्लेक्स

विनापरवाना फ्लेक्स लावणं हा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाच्या 1995 च्या कायद्यानं गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2017 मध्ये सविस्तर आदेश दिले. तरी चौक भरलेलेच. परवानगीचा क्रमांक आणि मुदत आणून दिल्याशिवाय मी फ्लेक्स छापत नाही, मग समोर कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता असो. ती माहिती फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात वाचता येईल अशी छापतो. 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीच्या बॅनरवर जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे स्वस्तातला माल मागू नका.

परवानगीनंतर केलेले बदल

परवानगी मिळाली की लोक निश्चिंत होतात. मग कुणी फ्रेम दोन फूट वाढवतो, कुणी इमारतीचं काम काढतो. आकाशचिन्हाच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे: मजबुतीसाठी केलेली भर सोडून फलकात बदल केला, तो पडला, किंवा ज्या इमारतीवर तो आहे तिच्यात फलकाला धक्का लागेल असा फेरफार झाला, तर परवानगी आपोआप रद्द होते. पुन्हा अर्ज करा.

आणि बोर्ड काढण्याचं काम भंगारवाल्याकडे देऊ नका. 5 ऑक्टोबर 2018 ला पुण्यात जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेतला सांगाडा काढण्याचं काम चालू होतं आणि तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला. चार जण गेले. मी आधी खालचा रस्ता दोर लावून बंद करतो, वीज तोडतो, दोन्ही बाजूंनी दोर बांधून घेतो आणि वरच्या टोकापासून एकेक तुकडा उतरवतो. पायाला कटर सगळ्यात शेवटी.